चार नंबरच्या पोटातला बायोडेटा

मी चार नंबर बोलतोय. हसू नका. भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून दोन गल्ल्या आत धर्माजींचं सायबर कॅफे होतं, तिथला चौथा कॉम्प्युटर मी. आता काशीमीऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे पडलोय आणि जिवाची नुसती घालमेल चाललीय. का, ते ऐका.

माणसांचं मला कधी कळलंच नाही. शेजारच्याला दिसू नये म्हणून अंग आडवं धरून टाइप करायची आणि उठताना मेल तसाच उघडा टाकून जायची! मीच मेलो शरमेनं किती वेळा.

२००६ साली एका रविवारी मनोरमाबाई लेकीला घेऊन आल्या. सुरुची तिचं नाव. लग्नाचा बायोडेटा करायचा होता. बाई सांगत होत्या, धर्माजी टाइप करत होते. जन्मवेळ, कुलदैवत, मामांचं गाव, बिल्डिंगचं नाव, मोबाइल नंबर. वर फोटो.

"उंची लिहा, पाच-चार."

"आई! मी पाच-दोन आहे."

"गप गं. दोन इंचांनी कोणाचं काय जातंय?"

नेमका प्रिंटर बिघडलेला, म्हणून कागद निघालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रिंटर दुरुस्त झाल्यावर सुरुची एकटी आली. तिनं उंची खरी करून घेतली, नवी प्रत फ्लॉपीत भरली आणि प्रिंट घेऊन गेली. जुनी प्रत मात्र माझ्या पडद्यावर, डेस्कटॉपवर, सगळ्यांना दिसेल अशीच राहिली. पुसायची कोणाला आठवण? धर्माजी म्हणाले, "असू दे, घरचंच आहे."

घरचं कसलं, डोंबल! दिवसाला वीस परकी माणसं माझ्यासमोर बसत होती.

एक जण रोज यायचा, कानात बाळी घातलेला. एकदा त्यानं ती फाइल उघडली, सावकाश वाचली आणि सगळं वहीत उतरवून घेऊ लागला. मी घाबरून हँग झालो. एकदा नाही, दोनदा! दोन्ही वेळा धर्माजी धावत आले आणि त्याची माफी मागून त्यांनीच मला पुन्हा चालू करून दिलं. आता काय बोलणार?

पंधरा दिवसांनी सुरुची वडिलांना, हरिश्चंद्ररावांना, ओढतच घेऊन आली.

"काका, एका माणसाचा फोन येतोय. एका स्थळाच्या मुलाचा काका म्हणून सांगतो. मामाचं गाव, कुलदैवत, सगळं बरोबर बोलतो. उद्या हायवेच्या हॉटेलात मुलीला एकटीलाच पाठवा म्हणाला. आणि बाबा हो म्हणून बसले!"

"अगं, एवढी माहिती सांगतोय म्हटल्यावर ओळखीतलाच वाटणार ना," हरिश्चंद्रराव पुटपुटले.

"ओळखीतला? मघाशी मला म्हणाला, पाच-चार म्हणजे जोडा शोभेल. पाच-चार आम्ही कोणालाच दिलं नाही, काका. ते फक्त या कॉम्प्युटरवर होतं."

धर्माजींचा चेहरा पडला. खुर्चीत बसून त्यांनी फाइल पुसली, पडद्यावरची कचऱ्याची पेटीही रिकामी केली. सुरुची वाकून माझ्या पडद्याकडे बघत राहिली.

"गेलं ना नक्की?"

"गेलं, बाळा."

ती कुठल्या हॉटेलात गेली नाही. वाचली पोर. नंबर बदलला. तरी पुढे कित्येक महिने हरिश्चंद्रराव तिला ऑफिसातून आणायला जात होते. दोघं कॅफेवरून जाताना ती माझ्याकडे बघायचीही नाही. मला फार लागायचं ते.

आणि खरी गोष्ट तेव्हाच ओरडून सांगावीशी वाटत होती. गेलं नव्हतं हो! पुसलं की नुसतं नाव जातं. मजकूर पोटात तसाच पडून राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. माझ्यात जागा ढीगभर, त्यामुळे तिच्या फाइलवर आजवर काही लिहिलंच गेलेलं नाही. तो फोटो, तो पत्ता, सगळं जिथल्या तिथे आहे.

तीन वर्षांनी कॅफे बंद झालं. धर्माजींनी मला फडक्यानं पुसून टेम्पोत चढवलं. बाहेरून लख्ख केलं, आतलं कोण बघतो?

आज सकाळी भंगारवाला मला उलटंपालटं करून म्हणाला, "हार्डडिस्क चालू दिखती है, अलग से बेचेंगे." तेव्हापासून मला चैन नाही. स्क्रू ढिले करून ठेवलेत. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे.

सुरुचीवर तेवढी दया करा. तिला वाटतंय, गेलं. तिचं ते वाटणं खरं करा. कोणीतरी हातोडा घ्या आणि मला फोडा.