त्रेचाळिसावा किलोमीटर

किलोमीटर ०

माझ्या छातीवर चार सेफ्टी पिनांनी टोचलेल्या कागदावर ‘गणराज’ असं छापलेलं आहे. माझं नाव रोहिदास. गणराज शेठ माझा मालक. या क्षणी तो शेवटच्या रेषेजवळच्या पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत बसलाय. अंगात माझ्यासारखाच केशरी टी-शर्ट. मांडीवर पाणी फवारायची बाटली, घाम दिसावा म्हणून.

त्याचं वय सेहेचाळीस, माझं एकोणतीस. कागदाच्या मागे एक चिप चिकटवलेली आहे, ती वेळ मोजते. चिपला माणूस ओळखू येत नाही. या बाबतीत ती शेठसारखीच.

किलोमीटर ३

शेठ मूळचा चिखलीचा. वडिलांची जमीन बिल्डरला गेली, तिच्यावर चौदा मजले चढले. चाकणला त्यानं गाड्यांचे पत्र्याचे पार्ट दाबून काढायचं प्रेस शॉप टाकलं, ते शेखर सुपरवायझर चालवतो. शेठकडे वेळच वेळ झाला आणि पोट पुढे आलं. डॉक्टर म्हणाला, जरा चालत जा.

शेठ चालायला बर्लिनला गेला.

मग लंडन. मग न्यूयॉर्क, शिकागो, टोकियो. जगातल्या सहा मोठ्या मॅरेथॉन पुऱ्या केल्या की सहा ताऱ्यांचं एक मेडल मिळतं. टूरवाल्याकडे पैसे भरले की विमान, हॉटेल, नाश्ता आणि मॅरेथॉनचा नंबर एकाच पाकिटात येतो. टोकियोला शेठला सहा तास पन्नास मिनिटं लागली. मागून जी गाडी उरलेली माणसं गोळा करत येते, तिच्या ड्रायव्हरशी त्याची चांगली ओळख झाली म्हणतात.

दर वेळी परत आला की कंपनीच्या गेटवर फ्लेक्स. दाताखाली मेडल धरलेला शेठ, मागे परदेशातला पूल. दर वेळी कामगारांना एकेक पेढा. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी आपापल्या कॉन्ट्रॅक्टरकडून घ्यायचा.

शेठची पोस्ट, पळणाऱ्यांच्या ग्रुपवर

*पाच झाले. एक राहिला. बोस्टनला लोक देणगी भरून, दानधर्माच्या दारानं जातात. आपण पात्रतेची वेळ काढून जाणार. शब्द आहे.*

(खाली एकशे बारा अंगठे.)

किलोमीटर ८

हा शब्द शेठला नडला. बोस्टनला त्याच्या वयाच्या माणसानं आधी कुठल्यातरी मॅरेथॉनमध्ये सव्वातीन तासांच्या आत यावं लागतं. शेठ सव्वातीन तासांत निम्म्यात पोचतो, तेही उतार असेल तर.

मी त्याला सापडलो तो इंद्रायणीच्या पुलावर. मी चिखलीत खोली घेऊन राहतो, मूळचा कळंबकडचा. सकाळी मोशीपासून चाकणपर्यंत गाड्या अशा अडकतात की बसमध्ये बसलं तर पहिल्या शिफ्टला लेट मार्क ठरलेला. लेट मार्क नको म्हणून मी पळत जातो. डबा पाठीला बांधतो, टॉवेल गुंडाळून, म्हणजे वाजत नाही.

त्या दिवशी एका मोठ्या पांढऱ्या गाडीची काच खाली आली.

“ए, तू आपल्यातलाच ना?”

“हाव शेठ. दोन नंबर प्रेस.”

“कुठनं पळतुयास?”

“चिखलीतून.”

“रोज?”

“बस रोजच अडकती, शेठ.”

शेठ कंपनीत पोचला तेव्हा माझा पंच झाला होता, चहा झाला होता आणि चाळीस ब्रॅकेट काढून झाले होते. दुपारी शेखर बोलवायला आला. केबिनमध्ये शेठ माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होता. बैल बाजारात आणल्यावर बघतात तसा.

“परमनंट व्हायचं का?” त्यानं विचारलं.

किलोमीटर १४

दर सात महिन्यांनी आम्हाला ब्रेक देतात. आठ-दहा दिवस घरी बसायचं, मग पुन्हा नवीन म्हणून लागायचं. सहा वर्षांत मी एकाच प्रेसवर दहा वेळा नवीन लागलो. दर वेळी शेखर मला प्रेस कशी चालवायची ते शिकवल्याचा कागद भरतो. शेखरचंच बोट प्रेसमध्ये जाऊन तुटलं होतं तेव्हा ती मी बंद केली होती, पण कागद कागदाच्या जागी.

परमनंटचं पत्र म्हणजे ब्रेक नाही. कॅन्टीनला जेवण. बायकोला दवाखान्याचं कार्ड. पिंकीचं गर्भाशयाचं दुखणं दोन वर्षं ‘पुढच्या महिन्यात बघू’वर चाललंय. त्यामुळे शेठनं विचारलं तेव्हा मी विचार केला नाही.

बोलणं साधं झालं. इथल्या मॅरेथॉनमध्ये मी त्याचा नंबर लावून पळायचं. बोस्टनचं पत्र आलं की माझं पत्र.

गेल्या वर्षी शेठनं सांगितल्याप्रमाणे मी बरोबर तीन तास बारा मिनिटांत आलो. पण बोस्टनला माणसं जास्त झाली आणि त्यांनी चाळणी बारीक केली. तीन बारावाले गळाले. शेठनं मलाच झापलं. “आरं, जरा जोर लावला असता तर?” यंदा तीन सात. वर नाही, खाली नाही. खाली आला तर संशय येतो, वर आला तर बोस्टन जातं.

तेव्हाही मेडल शेठला मिळालं होतं. मला शेवटच्या रेषेवर एक केळं मिळालं, ते मी घरी नेलं.

“त्याला चकती अन् तुमाला केळं,” पिंकी म्हणाली. “ते बी डागाळलेलं.”

किलोमीटर २१

एक तास तेहेतीस मिनिटं. मापात.

मापात राहणं मला शिकवायला लागत नाही. प्रेसवर एक ब्रॅकेट अकरा सेकंदांत निघतो. पण शेखर स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभा राहिला की आम्ही सगळे चौदा सेकंदांत काढतो. हात जड करायचे, पार्ट दोनदा फिरवून बघायचा, हातमोजा नीट करायचा. कारण घड्याळाला अकरा दाखवले की अकरा हेच टार्गेट. मग अकराचे दहा मागतात. हे जुन्या माणसांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं: घड्याळवाल्याला आपला खरा वेग कधी दाखवायचा नाही.

सहा वर्षं मी तो कुणालाच दाखवला नाही. मलाही नीट माहीत नाही तो किती आहे.

किलोमीटर २६

शेखर मोटरसायकल बाजूला लावून उभा आहे. गळ्यात तेच स्टॉपवॉच. तो माझ्याबरोबर चार पावलं पळतो आणि धापा टाकायला लागतो.

“किलोमीटरला चार सव्वीसनं चाललायस. मस्त. असाच ये.”

“पत्राचं काय झालं, भाऊ?”

“कुठलं?”

“परमनंटचं. काल पुढच्या सालच्या परमनंटची लिस्ट लागली, त्यात नाव न्हाई माझं.”

“आरं हो.” शेखर हसतो, आणि हसताहसता खरं बोलून जातो. तो वाईट नाही, दमलेला आहे. “आता सिडनी बी धरलंय त्या लोकांनी. सहाचे सात तारे झाले. अजून वाढणार म्हणतात. कुणी वेळ मागितली की शेठला लागणार तू. अन् तूच सांग भावा, परमनंट झालास तर येशील का पळायला?”

तो मागे राहतो.

मी पाचसहाशे मीटर विचार करतो. तेवढा पुरतो. पत्र कधीच येणार नव्हतं. मी वेळेत आलो म्हणूनच येणार नव्हतं. अकरा, मग दहा, मग नऊ.

किलोमीटर ३० – चार किलोमीटर, चौदा मिनिटं पन्नास सेकंद.

किलोमीटर ३५ – पाच किलोमीटर, अठरा वीस. एक सडपातळ, पिकल्या मिशांचा माणूस मागे टाकला. त्यानं मान वळवून छातीवरचं नाव वाचलं.

किलोमीटर ४० – अठरा पंधरा. शेखर मोटरसायकलवरून ओरडतोय. हातात घड्याळ आहे. बघ म्हणावं.

४२.१९५

दोन तास चोपन्न मिनिटं चाळीस सेकंद.

किलोमीटर ४३

मॅरेथॉनला त्रेचाळिसावा किलोमीटर नसतो. मला होता. ठरल्याप्रमाणे नंबर शेठला द्यायला मंडपामागच्या फिरत्या संडासांपाशी गेलो. शेठ तिथे अजून आलाच नव्हता, त्याच्या हिशोबानं बारा मिनिटं बाकी होती. तेवढ्यात माइकवरचा माणूस म्हणाला, पंचेचाळीस वर्षांवरच्या गटात पहिले आलेत आपल्या चिखलीचे गणराज शेठ, त्यांनी स्टेजजवळ यावं.

शेठ धावत आला. त्या दिवशी तो तेवढंच धावला.

“हे काय केलंस रं?”

“जोर लावला, शेठ. तुमीच म्हणले होते.”

मी पिना काढून कागद त्याच्या हातात दिला. मला वाटलं तो घाबरेल, गाडीत बसून निघून जाईल. मी त्याला ओळखलंच नव्हतं. माइकवर दुसऱ्यांदा नाव पुकारलं आणि शेठचा चेहरा बदलला. त्यानं कागद स्वतःच्या छातीला लावला, तोंडावर बाटली फवारली, केस मागे केले आणि लंगडत निघाला. लंगडणं त्याला त्याच क्षणी सुचलं.

स्टेजवर त्यानं करंडक डोक्यावर धरला. माइक मागून घेतला. म्हणाला, “बत्तिसाव्या किलोमीटरला वाटलं, सोडावं. पण शरीर थकतं, मन थकत नाही.” ग्रुपवाले शिट्ट्या मारत होते. मी गर्दीत उभा राहून माझ्या बत्तिसाव्या किलोमीटरचं वर्णन ऐकत होतो. त्यात काहीच बरोबर नव्हतं.

दुसरा आलेला माणूस म्हणजे तोच पिकल्या मिशांचा. जुन्नरकडचा पोस्टमन, वय एक्कावन्न. मांड्या घासून रक्त आलं होतं, स्टेजच्या पायऱ्या त्याला धरून चढवलं. तो शेठच्या तोंडाकडे बघत राहिला, मग खाली बघितलं.

“साहेब,” तो म्हणाला, माइक जवळच होता, “तुमचे बूट कसे काय कोरडे राहिले?”

पाण्याच्या टेबलांपाशी सगळा रस्ता ओला होता. आमचे सगळ्यांचे बूट चिखलानं भरले होते.

मला शेठची मजा वाटली. पोस्टमनची नाही. त्याचा पहिला नंबर शेठनं घेतला असं म्हणता येईल, पण पळून तो मी काढून घेतला होता.

किलोमीटर ४४

गुरुवारी केबिनमध्ये टेबलावर दोन कागद होते. पोस्टमनच्या प्रश्नानंतर आयोजकांनी वाटेतले फोटो तपासून शेठला जाब विचारला होता.

पहिला कागद:

*मी, रोहिदास ________, कबूल करतो की मालकांच्या गाडीतून त्यांचा नंबर ________ त्यांच्या नकळत चोरला व स्पर्धेत ________*

दुसरा कागद परमनंटचं पत्र. लेटरहेड, शिक्का, सही. तारीखसुद्धा कालची.

“च्या पी आधी,” शेखर म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता.

“दोन्हीवर सही कर,” शेठ म्हणाला. “आधी ह्याच्यावर.”

“शेठ, चोराला परमनंट करतेत का?”

“आमी माफ केलं म्हणू. मोठं मन हाय आपलं.”

“मग हे बी लिवा, की चोरानं बेचाळीस किलोमीटर पळून चोरीचा माल मालकाच्या हातात नेऊन दिला.”

शेखरला खोकला आला.

“जास्त हुशारी न्हाई पायजे,” शेठ म्हणाला. “बाहेर शंभर हायत तुझ्यासारखे.”

“पळणारे?”

त्यानं पेन माझ्याकडे ढकललं.

मी दुसरा कागद उचलून वाचला. सहा वर्षं ज्याची वाट बघितली तो एवढाच असतो, सव्वा पान. त्यात माझं नाव बरोबर लिहिलं होतं. दवाखान्याच्या कार्डाची ओळ होती, ती मी दोनदा वाचली. मग सगळ्यात खाली आणखी एक ओळ: गैरवर्तन आढळल्यास तात्काळ सेवामुक्त. आणि गैरवर्तन पहिल्या कागदावर, माझ्याच सहीनं. दोन कागद एकमेकांसाठीच छापलेले. त्या पत्राचं आयुष्य एक आठवडा होतं, फार तर दोन.

मी चहा प्यालो आणि निघालो. खोलीवर येऊन आयोजकांना खरं काय ते लिहिलं: कोण पळाला, कुणाच्या नावावर, गेल्या वर्षीसुद्धा. पहिला नंबर पोस्टमनचा आहे, हेही. पिंकी शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावत होती.

“कार्डाचं काय मग?” तिनं विचारलं.

मी कागदाची घडी घातली.

“सरकारीत जाऊ,” ती म्हणाली. “रांग लागती. तुमाला रांगेत पुढं जायची सवय हाय.”

किलोमीटर ४५

कंपनीत माझा ब्रेक सुरू झाला, या वेळचा संपणारा नव्हता.

तीन आठवड्यांनी आयोजकांचं पत्र आलं. शेठच्या नावावरचे दोन्ही निकाल रद्द, आम्हा दोघांवरही त्यांच्या स्पर्धेत दोन वर्षांची बंदी. पहिला क्रमांक जुन्नरच्या माणसाला. त्यात एक ओळ अशी होती: *प्रत्यक्ष धावणारी व्यक्ती: रोहिदास, वय २९, वेळ २:५४:४०.*

पिंकीनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवलं. “एवढी वर्षं एका पत्राची वाट बघितली,” ती म्हणाली. “आलं ते बंदीचं.”

शेठनं ग्रुपवर लिहिलं की यशस्वी माणसाला विरोधक असतातच. खाली चौऱ्याण्णव अंगठे. सिडनीचं पाकीट त्यानं बुक केलं आहे. तिथे वेळ लागत नाही, पैसे लागतात.

मला म्हाळुंग्याला दुसऱ्या प्रेस शॉपमध्ये काम लागलं. कॉन्ट्रॅक्टच. पळतच जातो. एकदा पुलावर ती पांढरी गाडी दिसली, मागच्या काचेवर ‘४२.२’चं स्टिकर. काच खाली आली नाही. मी पुढे गेलो, गाडी तिथेच राहिली.

नव्या कामाच्या चौथ्या दिवशी तिथला सुपरवायझर स्टॉपवॉच घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“हं, कर सुरू,” तो म्हणाला. “बघू किती जोर आहे.”

मी हातमोजा नीट केला. पार्ट उचलला, दोनदा फिरवून बघितला.

चौदा सेकंद.