दुसरा क्लॅम्प

फळीवर अर्धगोल ठसा उमटला होता. ओल्या साबणात अंगठ्याचं नख रुतवावं तेवढा खोल. तिने त्यावर ओला फडका ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर आलं, कडेची रेघ मात्र राहिली. तिथे तंतू दबले नव्हते, तुटले होते.

“क्लॅम्प आवळताना खाली लाकडाचा तुकडा ठेवत जा, दादा. किती वेळा सांगायचं?”

“लाकूड आहे ते. नवरीचा गाल नाही!”

कारखाना तिचा, टेबलही तिच्या हातचं. स्वतःचं दुकान बुडालं तेव्हा दादा चार दिवसांसाठी म्हणून आला आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. आता खिडकीजवळची जागा त्याची, गिऱ्हाइकांशी बोलणं त्याचं. तिची ओळख तो करून द्यायचा, “आमची धाकटी. मदतीला असते.” आई म्हणायची, थोरला आहे, सांभाळून घे. जिभेच्या टोकावर आलेलं एक वाक्य ती रोज गिळत आली होती.

तिने फळी उलटली, दोन्ही टोकांना तुकडे ठेवून ती दोन क्लॅम्पनी टेबलाला आवळली आणि पटाशीला धार लावायला मागे गेली. परत येऊन तिने पहिलाच ठोका घातला आणि फळी गर्रकन फिरली. पटाशी सटकून तिच्या डाव्या हाताच्या बोटांचं कातडं सोलत टेबलात रुतली.

पलीकडचं टोक मोकळं होतं. तो क्लॅम्प दादा जोडत होता त्या खुर्चीच्या पायाला होता.

“काढलास तर सांगायचं तरी! एका क्लॅम्पने फळी दबते, पण त्याच्याभोवती फिरते.”

“झालं शास्त्र सुरू! बोट तुटलं का? नाही ना? मग?”

“माझा हात होता तिथे.”

“तुला रंधा धरायला कुणी शिकवलं, बाईसाहेब?”

शिकवलं होतं त्यानेच. तेव्हाही फळी तिला हातांनी दाबायला लावायचा आणि करवत स्वतः चालवायचा. हे तिला आजवर कधी आठवलं नव्हतं.

तिने बोटांवर फडका गुंडाळला, खुर्चीपाशी गेली आणि क्लॅम्पची मूठ उलटी फिरवली. पाय हळूच कलला.

“अगं ए! सरस ओला आहे अजून!”

“असू दे,” ती म्हणाली. क्लॅम्प तिच्या हातात होता. “दादा, तुझी हत्यारं आवर. उद्यापासून तू इथे यायचं नाहीस.”