मी, न विकलेली पट्टी

मी एक गोळ्यांची पट्टी आहे. प्रायमाक्विन माझं नाव. पाठीवर लाल रेघ आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मला कुणाच्या हाती द्यायचं नाही. कारखान्यात माझ्या गोळ्यांवर गरम फॉइल दाबली गेली, तेव्हापासून मला एकाच गोष्टीची घाई होती: कामाला लागायची. मलेरियाचा ताप दुसऱ्या गोळ्या उतरवतात. पण यकृतात दडी मारून बसलेला जंतू हुडकून काढायचा, तर मीच लागते. एवढं मोठं काम अंगावर असल्यावर कुणाला धीर धरवेल?

आणि माझ्या नशिबी आला भाईंदरच्या गोडदेवमधला भूपेशशेठच्या मेडिकलचा ड्रॉवर.

शेजारी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या होत्या. त्यांची चंगळ होती. काउंटरवर कुणीही येऊन म्हणायचं, "ती गोळी मला मानवत नाही," की शेठचा हात सवयीने त्यांच्याकडे जायचा. "ही सोबत घ्या, मानवेल." चक्कर येवो, पुरळ उठो, मळमळ होवो, उत्तर एकच. 'मानवत नाही' हे माणसं किती सहज बोलतात आणि ऐकणारे किती सहज सोडून देतात, हे मी ड्रॉवरच्या फटीतून रोज पाहायचे.

मग एका सोमवारी सलोनी उड्या मारतच दुकानात आली. फार्मसीची पदवी घेऊन ती नुकतीच इथे लागली होती. आदल्या दिवशी सिल्व्हर पार्कमध्ये औषधविक्रेत्यांचं शिबिर होतं, तिथून ती डोकं भरून आली होती.

"शेठ, गोळी तीच, डोस तोच, तरी एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला त्रास होतो. का, माहितीये? बऱ्याचदा ते जीन्समध्ये असतं. आईबापाकडून आलेलं."

"अरे बेटा, पण ते बघायची मशीन आपल्याकडे कुठे हाय?"

"मशीन नंतर. शिबिरात शिकवणाऱ्या मिनल मॅडमनी एक प्रश्न दिलाय. कुणी म्हणालं मानवत नाही, की लगेच विचारायचं: घरात अजून कुणाला नाही मानवली?"

शेठ हसले. "गिऱ्हाईक बोलेल, गोळी दे, खानदान कशाला विचारते. समोर अजून दोन मेडिकल हायत."

सलोनी गप्प बसली नाही. येईल त्याला विचारत सुटली. लोक वैतागायचे. एका काकांनी तर विचारलं, "स्थळ बघतेस की औषध देतेस?" शेठ आठवडाभर त्यावर हसत होते.

मग माझा दिवस आला. गोडदेव गावातल्या रंभाताई चिठ्ठी घेऊन आल्या. बाहेर स्कूटरवर त्यांचा मुलगा नीलेश भर उन्हात चादर गुंडाळून कुडकुडत होता. रिपोर्ट मलेरियाचा. चिठ्ठीवर ताप उतरवणाऱ्या गोळ्या होत्या आणि खाली मी. माझं नाव! सलोनीने मला उचललं, पाकिटात सरकवलं. मी आनंदाने नुसती सळसळत होते.

"जेवल्यावर द्या हं, रंभाताई. उपाशीपोटी नको."

"देतंय बाय. पन मलेरियाच्या गोलीचं मना भ्याव वाटतं. आमच्या घरान ती मानवत न्हाय."

शेठनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांकडे हात नेलाच होता. सलोनीने पाकीट घट्ट धरलं.

"अजून कुणाला नाही मानवली?"

"माज्या भावाला, काशीनाथला. मिठागरावं कामाला व्हता तवा. गोली घेतली न् लघवी झाली काली, चहाच्या पान्यावानी. अंग पिवलं. महिनाभर उठला न्हाय. लोकं बोलली, बाधा झाली."

सलोनीचा चेहरा बदललेला मी पाकिटातून पाहिला. तिने मला बाहेर काढलं.

"शेठ, नीलेशचा सख्खा मामा. हा दोष आईकडून येतो. आईला काही जाणवत नाही, पण तिच्या भावाला आणि मुलाला असू शकतो. रक्तात एक एन्झाइम कमी असतं. अशा माणसाने ही गोळी घेतली, तर तांबड्या पेशी फुटतात. जिवावर बेतू शकतं."

"डॉक्टरने लिवलंय ना? आपण कोण मध्ये बोलणारे?"

"आपण शेवटचे आहोत, शेठ. आपल्यानंतर थेट पोटातच."

तिने डॉक्टरांना फोन लावला. ते आधी चिडले. मग मामाची गोष्ट ऐकून थांबले. "टेस्ट राहिली माझ्याकडून," ते म्हणाले. "तापाच्या गोळ्या आजच चालू करा. ती पट्टी मात्र देऊ नका. मी रक्त तपासायला सांगतो."

मला ड्रॉवरमध्ये परत ठेवलं. खोटं कशाला बोलू, मी फार रुसले. जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते दारापर्यंत येऊन परत गेलं होतं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. एन्झाइम खरंच कमी होतं. पुढचा उपचार मोठ्या इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायचं ठरलं. बातमी सांगायला रंभाताईंबरोबर काशीनाथमामाही आले. सलोनीने मला ड्रॉवरमधून काढून त्यांना सगळं समजावलं. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

"मंग मना बाधा नव्हती?"

"नाही मामा. ही गोळी होती."

"मंजे बाधेपायी कापलेली माजी दोन कोंबरी फुकट गेली," मामा म्हणाले, आणि रंभाताई रडता रडता हसल्या.

त्या क्षणी माझा रुसवा गेला. मी नीलेशच्या पोटात गेले असते, तर माझ्याच हातून तो आडवा झाला असता. पट्टी तीच, गोळी तीच. फरक एका प्रश्नाने पडला.

आता माझी मुदत संपली आहे. कडा वाकड्या झाल्यात. नष्ट करायच्या खोक्यात जाण्याआधी सलोनी मला सिल्व्हर पार्कच्या नव्या शिबिरात घेऊन आली आहे. हॉल भरलाय. आज बोलायची पाळी तिची आहे. तिने मला उंच धरलंय.

"ही पट्टी मी विकली नाही. समोरची बाई म्हणाली, मानवत नाही. तुम्ही काय विचाराल?"

मग पहिल्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, भूपेशशेठचा.

"अजून कुणाला?"

काउंटरच्या अलीकडच्यांनो, एवढं विचारत जा. पलीकडच्यांनो, लाजू नका, मामा, मावशी, आजोबा, सगळे सांगून टाका. आणि शिकायला उशीर करू नका. माझ्यासारख्या कितीतरी पट्ट्या आत्ता या घडीला कुणाच्या तरी पाकिटात शिरतायत.

माझी एकही गोळी फुटली नाही. तरी माझा कोर्स पूर्ण झाला.