पाचवा रकाना

प्रवासखर्चाच्या रकान्यात जुईलीने शून्य लिहिलं आणि तिथेच घात झाला.

तसं त्यात खोटं काहीच नव्हतं. कुवेतच्या खाडीत, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर निवटे राहतात. निवटे म्हणजे पाण्याबाहेर येऊन टुणटुण उड्या मारणारे मासे. इथले निवटे चिखलाचे बुटके बांध घालून आपापली हद्द राखतात, आणि हे बांध हा जुईलीच्या एमएस्सीचा विषय होता. दर शुक्रवारी सकाळी तिला तिथे नेणार कोण? बाबा. मग घरच्या माणसाचं भाडं कोणी लावतं का? चाळणी आईच्या स्वयंपाकघरातली, गमबूट बाबांच्या रिफायनरीतले. परदेशातली एक संस्था विद्यार्थ्यांना सहाशे डॉलरपर्यंत मदत करत असे. हिने भीत भीत एकशे दहा मागितले. कमी मागितलं की देणाऱ्याला आपण गुणी वाटतो, अशी आपल्या लोकांची एक भाबडी समजूत आहे. माणूस अलिबागहून कुवेतला आला तरी ती सामानाबरोबर येते.

देणाऱ्याला तसं काही वाटलं नाही. अर्ज परत आला. 'एवढ्या पैशांत अर्जदार चिखलापर्यंत पोचणार कशी, ते कळत नाही. हवा आणि भरती-ओहोटीच्या नोंदीही जोडलेल्या नाहीत. दुरुस्ती करून १५ मे १९९८ पर्यंत पुन्हा पाठवता येईल.' नोंदींचं खरंच होतं. बांध मोजण्याच्या नादात बाकीचं टिपायचं तिच्याकडून राहूनच गेलं होतं.

तिच्या मार्गदर्शक डॉ. नूरी यांनी पत्र वाचून चष्मा काढला. "तू भीक मागत नाहीयेस, काम सांगते आहेस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "नेतं कोण तुला?"

"माझे वडील."

"ते जूनमध्ये निवृत्त होतायत ना? मग?"

या 'मग'नेच जुईलीची झोप उडवली होती. नोकरी संपली की बाबांचा इकामा संपणार, म्हणजे इथे राहायचा परवानाच. आई-बाबा अलिबागला जाणार. तिची सोय हॉस्टेलात झाली होती, पण निवटे काही हॉस्टेलच्या दाराशी येणार नव्हते. अजून एक हंगाम हवा होता. तो हुकला की दोन वर्षांची मेहनत चिखलात गेली म्हणायची.

रात्री जेवताना तिने विषय काढला आणि बाबा, म्हणजे रविकांत म्हात्रे, घास हातात धरून बघत राहिले.

"पोटच्या पोरीला सोडायचं भाडं? उद्या आई आमटीचं बिल लावेल!"

"लावलं तर बिघडलं कुठे?" आई, म्हणजे लीनाताई, वाढता वाढता म्हणाल्या.

"पैसे तुम्हाला नकोयत, बाबा," जुईली म्हणाली. "तुम्ही इथे नसाल तेव्हा जो नेईल, त्याला द्यायला हवेत."

यावर बाबा ताटावरून उठले. हात धुऊन गाडीची किल्ली घेऊन खाली गेले, ते दोन डायऱ्या घेऊन वर आले.

"हे चालतंय का बघ," ते म्हणाले. "गाडीत नुसतं बसून करायचं काय?"

सव्वीस वर्षं रिफायनरीत दर अर्ध्या तासाला लॉगबुक भरलेला माणूस तो. रिकामा बसला असता तरच नवल! प्रत्येक शुक्रवार आखलेला होता. वेळ, हवा, वारा. चौथ्या रकान्यात पाणी, किनाऱ्याजवळच्या जुन्या खांबांपैकी कितव्या खांबापर्यंत आहे ते. सगळं त्या वळणदार, शहाण्या अक्षरात. संस्थेने मागितलेलं सगळं तिथे होतं. जुईलीला नाचावंसं वाटलं.

मग तिची नजर पाचव्या रकान्यावर गेली. 'जुईली दिसते.' अर्ध्या तासाने पुन्हा, 'दिसते.' पानांमागून पानं तेच. मार्चमधल्या एका पानावर मात्र हवा नव्हती, वारा नव्हता, पाणी नव्हतं. नुसतं '७.०५ धूळ. दिसत नाही. ७.१० दिसत नाही. ७.१५ दिसत नाही. ७.२० दिसते.'

तो दिवस तिला आठवत होता. धुळीतून खोकत ती गाडीशी पोचली, तेव्हा बाबांनी थर्मास उघडून एवढंच विचारलं होतं, "चहा घेतेस?"

"बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी?"

जुईलीला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

नव्या अर्जात प्रवासखर्च पुरता लावला. सहायक म्हणून रविकांत म्हात्रे यांचं नाव घातलं. डायऱ्यांच्या प्रती जोडताना पाचवा रकाना झाकायला ती निघाली, तर डॉ. नूरींनी हात धरला. "नोंद कापायची नसते," त्या म्हणाल्या. सहाशेच्या सहाशे डॉलर मंजूर झाले, आणि त्याच महिन्यात आई-बाबा विमानात बसले.

पुढच्या शुक्रवारी खाडीजवळच्या जहरा गावचा गफूर टॅक्सी घेऊन आला. बाबांनीच ठरवून दिलेला माणूस. दोन तासांनी जुईली चिखलाने माखून परतली, तर त्याच्या मांडीवर नवी करकरीत डायरी. रकाने बाबांच्या हाताने आखलेले, पाचच्या पाच.

"साहब बोले थे, हर आधे घंटे लिखना," गफूर ओशाळून म्हणाला. "थर्मामीटर भी दे के गए."

संध्याकाळी अलिबागहून फोन आला. बाबांनी हवा विचारली, वारा विचारला, पाणी कितव्या खांबापर्यंत होतं तेही विचारलं. मग थांबले.

"बाबा," जुईली म्हणाली, "सातला मी दिसत होते. साडेसातलाही."



"चहा घेतलास?" बाबा म्हणाले.