पाण्याखालची मशीद

हन्ना वाकरूळकर पुण्याहून बारामतीला आल्या त्या १९९३ च्या मे महिन्यात. नर्सची नोकरी संपून त्यांना दोन वर्षं झाली होती. त्यांना एका जागेचा पत्ता लावायचा होता. भिगवणजवळच्या वस्तीत पूर्वी एक मशीद होती, ती नक्की कुठं होती?

बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात. इंग्रजांच्या काळात रेल्वेवर आणि कालव्यावर नोकरीला आलेल्या सात-आठ कुटुंबांनी ती बांधली होती. हन्नाबाईंचे वडील एलिझर कालव्यावर ओव्हरसियर होते; हन्नाबाई मात्र लहानपणापासून पुण्याला आजोळी शिकायला होत्या. १९५१ साली बाकीची कुटुंबं इस्राएलला गेली आणि एलिझरांची पुण्याला बदली झाली. उरली ती प्रार्थनेची जुनी, वाळवी लागलेली पुस्तकं. देवाचं नाव असलेला कागद त्यांच्यात जाळत नाहीत, टाकत नाहीत. माणसासारखा मातीत ठेवतात. एलिझरांनी ती पुस्तकं रांजणात भरली आणि मशिदीच्या अंगणात पुरली.

पुढं उजनी धरण झालं. गावंच्या गावं पाण्यात गेली. एलिझर आता सत्त्याऐंशी वर्षांचे. मशीद टेकाडावर होती, असं ते एके दिवशी म्हणत. दुसऱ्या दिवशी म्हणत, नदी दारातून दिसायची. जेवताना मध्येच हात थांबायचा.

"देवाचं नाव मी पाण्यात सोडलं गं, हन्ना."

बारामतीच्या कालवा कचेरीत आप्पासाहेब नावाचे एक जुने आरेखक होते. त्यांनी दोन तास दप्तर उपसून एक पिवळा नकाशा काढला. त्यावर बारीक अक्षरात 'इस्राएली मशीद' असं लिहिलेलं होतं. हन्नाबाईंना हुरूप आला. मग आप्पासाहेबांनी त्यावर ट्रेसिंग कागदावरचा धरणाचा नकाशा ठेवला आणि चष्मा काढला.

"पाण्यात आहे, बाई. पण काठालाच. आत्ता मे आहे, पाणी उतरलेलं असेल. आलाच आहात तर बघून जा."

भिगवणच्या एसटीत बसल्यावर हन्नाबाईंच्या मनात आलं, बाबांना सरळ सांगावं की टेकाडावर होती. त्यांना कुठं येऊन बघायचंय? पण त्या जन्मात त्यांच्याशी खोटं बोललेल्या नव्हत्या. आता या वयात जमेल असंही वाटेना.

भिगवणला मासळी विकत बसलेल्या बानूबाईला त्यांनी विचारलं.

"मशीद? ती काय पल्याड."

"मुसलमानांची नव्हे हो. शनिवारी जे काम बंद ठेवायचे, त्यांची."

बानूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "ते आमच्या आधीचं. धनगरवस्तीवरच्या गेणूतात्यास्नी इचारा."

गेणूतात्या सत्तरीकडे झुकलेले, अंगानं काटक. वाकरूळकर नाव ऐकताच ते उठून उभे राहिले. "ओवरशेर सायबांची लेक व्हय तुमी? सायेब हायेत?"

"आहेत."

"मग चला, दावतो."

पाणी बरंच मागं हटलं होतं. भेगाळलेल्या गाळातून, शिंपले तुडवत ते अर्धा तास चालले. एका जागी काळ्या दगडांचं जोतं वर आलेलं होतं. दोन पायऱ्या, चौकट बसवायची खाच.

"हीच. सायेब त्या भिंतीकडं तोंड करून उभं ऱ्हायचं. मावळतीकडं."

हन्नाबाई पायरीवर बसल्या. जागा सापडली होती आणि बाबांची भीती खरी ठरली होती. अंगणाच्या जागी नुसता गाळ पसरलेला होता.

"तात्या, इथं एक रांजण पुरला होता."

"म्याच खड्डा खणला होता की. चोवीस वर्साचा हुतो."

"तो पाण्यातच गेला म्हणायचा."

गेणूतात्या त्यांच्याकडं बघतच राहिले. "कसा जाईल? सायेब म्हनलं हुतं, ही माती दिलेली माणसं समज. आता माणसं कुणी पाण्यात सोडतं व्हय? धरणाच्या नोटिसा आल्या तवा मी आन् आमच्या कारभारणीनं, सारजानं, रांजण उकरला. गवतात बसवून गाडीनं वर आणला. आमची भांडी दुसऱ्या खेपंला आणली."

हन्नाबाई एकदम हसायलाच लागल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

नव्या वस्तीवर, गेणूतात्यांच्या घरामागं लिंबाखाली दगडमातीचा एक बुटका ओटा होता. "आत काय हाय ते आमी उघडलं न्हाय," सारजाबाई म्हणाल्या. "शेरडं चढू नयेत म्हणून वटा घातला." एलिझरांच्या पुण्याच्या पत्त्यावर त्यांनी दोन कार्डं टाकली होती. घर बदललेलं, त्यामुळं दोन्ही परत आली होती.

हन्नाबाईंनी ओट्यावर हात ठेवला. दगड उन्हानं तापलेला होता, कोरडा ठणठणीत.

हमरस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी घरी फोन लावला. गेणूतात्या शेजारीच उभे होते.

"बाबा, मशीद पाण्यात गेली. पण पुस्तकं नाही गेली. गेणूनं आधीच वर आणून पुन्हा मातीत ठेवलीत."

एलिझरांनी लगेच विचारलं,

"भिजली नाहीत?"

"नाही बाबा. जागा मी स्वतः बघून आले, कोरडी ठणठणीत आहे."

एलिझरांनी मोठा श्वास सोडला, तो इकडं स्पष्ट ऐकू आला. "गेणू आहे का तिथं? त्याला दे."

गेणूतात्यांनी फोन उलटा धरला, मग हन्नाबाईंनी तो सरळ करून दिला. पुण्यापर्यंत पोचावं म्हणून ते बूथबाहेरची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यांदा ओरडले, "सायेब! मी गेणू! समदं नीट हाय बरं का! जेवान केलं का न्हाय?"