साहेबाच्या घरची औषधपेटी

मी एक जुनी औषधपेटी आहे मित्रांनो, आणि मला स्वतःचीच किळस येते. आधीच सांगितलेलं बरं.

सुताराने पाइनच्या फळ्यांतून मला घडवलं, आत बारा कप्पे केले, वर पितळी कुलूप लावलं. मला मागून घेतलं होतं वापास्तिमने. तो कॅनडातल्या सस्कॅचवान नदीकाठच्या क्री लोकांचा मुखिया. क्री लोकांची जमीन घेण्याच्या कराराच्या दिवशी इंग्लंडच्या राणीचे अधिकारी त्याला भेटीचा लाल डगला दाखवत होते. तो म्हणाला, "डगला घालून काय नाचू? देवीच्या साथीने माझी निम्मी वस्ती नेली. औषध द्या!" तेव्हा कबूल झालं, की वस्तीवरच्या सरकारी साहेबाच्या घरी औषधपेटी राहील. मग सगळ्यांनी पवित्र चिलीम ओढली. चिलीम ओढून कोणी खोटं बोलत नाही, असं क्री लोक मानतात. त्यामुळे किल्ली कुणाकडे राहील, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. हे सारं मी वापास्तिमच्याच तोंडून ऐकलं. दर उन्हाळ्यात तो कराराचा शब्दन्‌शब्द वस्तीला म्हणून दाखवी.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की साहेब झाकण उघडून बाटल्या दाखवी. पुढे त्या त्याच्याच घरात संपल्या आणि त्याने माझ्यात आपले मोजे कोंबले. मोजे, मित्रांनो! तेही न धुतलेले.

एका हिवाळ्यात वस्तीत डांग्या खोकला शिरला. वापास्तिम आणि त्याची सून पियेसिस तान्ह्या नातीला घेऊन आले. पोरगी निळी पडली होती.

"साहेब, पेटी उघडा."

"पेटी माझ्या घरी ठेवायची, एवढंच लिहिलंय. ही काय, ठेवलीय की!"

"ठेवलीत, मग उघडा."

"उघडायची असं कुठे लिहिलंय?"

वापास्तिमने लाथेसरशी कुलूप तोडलं. आत नुसते मोजे निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरगी दोन दिवसांनी गेली. साहेब ओशाळून म्हणाला, "पुरायला हवी तर ही पेटी न्या."

पियेसिस म्हणाली, "राहू द्या. तुमच्या पायांचा वास येतो तिला."

आता मी एका संग्रहालयात आहे. इथे मला रोज पुसतात, तेल लावतात. शिसारी येते या लाडांची. मित्रांनो, माझी काळजी घेऊ नका. कुणाला औषध कबूल केलं असेल, तर पेटी पुसत बसू नका. लेकरू अजून खोकतंय, तोवर जा.