चारशे अकरा वेळा

हरेशचं लग्न राहून गेलं. कुणी मोडलं नाही, की त्याने नको म्हटलं असंही नाही. आधी दोन बहिणींची लग्नं झाली. मग वडिलांना अर्धांगवायू झाला आणि ते सात वर्षं अंथरुणावर होते. ते गेले तोवर विचारणारी माणसंच विचारायची थांबली होती. दोन वर्षांपूर्वी आईही गेली, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी रोह्याजवळच्या वरसे गावातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हरेश एकटा उरला.

धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. प्रेशर गेज, व्हॉल्व्ह, मीटर, सगळं खोलायचं, साफ करायचं, पुन्हा बसवायचं. कामाचे सहा दिवस कसे तरी सरत. गुरुवारी सुट्टी असे आणि तो दिवस मात्र सरता सरत नसे. पूर्वी बिल्डिंगमधली माणसं मिक्सर, इस्त्री घेऊन दार वाजवायची. आता बिघडलं की नवीन आणतात. म्हणून गुरुवारी सकाळी तो नाक्यावरच्या महिपतीच्या भंगाराच्या दुकानात जायचा आणि काहीतरी बिघडलेलं शोधून घरी आणायचा.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी त्याला एक म्युझिक प्लेअर मिळाला. पत्त्यांच्या कॅटएवढा, जुन्या पद्धतीचा, आत छोटी हार्ड डिस्क असलेला. पुढे गोल चाक, मागे स्टीलचं झाकण. झाकणावर अक्षरं कोरलेली होती: ‘नमिताताईला. पहिला पगार. रितेश.’

"पेणचा माल हाय," महिपती म्हणाला. "चालत नाय. तुला कशाला पायजे?"

"बघतो उघडून."

खिडकीजवळच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून तो बसला. असल्या प्लेअरला बाहेरून स्क्रू नसतात, नुसत्या खाचांत अडकवलेलं असतं. प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने सारत, एकेक खाच सोडवत त्याने अर्ध्या तासाने झाकण उचललं. झाकण आणि पुढचा भाग कागदासारख्या दोन पट्टीवायरींनी जोडलेले होते. घाईने ओढलं असतं तर त्या तुटल्या असत्या. बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती. हेडफोनचं सॉकेट हिरवट पडलं होतं, खाडीकाठच्या खाऱ्या हवेत पडतं तसं. डिस्क मात्र निळ्या रबरात शाबूत दिसत होती.

बॅटरी आणि सॉकेट त्याने मुंबईहून मागवलं. कुरिअर यायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत कंपनीतून घरी येताना आपण लवकर लवकर पाय उचलतोय हे त्याच्या ध्यानात आलं. घरी कशाची तरी वाट असणं ही गोष्टच तो विसरला होता.

नवीन भाग बसवून त्याने बटण दाबलं. आत डिस्क कुर्रकन फिरली आणि पडदा उजळला. बाराशे गाणी होती. बहुतेक सिनेमाची, थोडी भजनं. आणि सगळ्यांच्या खाली एक नाव नसलेलं, नुसतं ‘ट्रॅक सात’.

ते गाणं स्टुडिओतलं नव्हतं. कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात बसून टिपलेलं होतं. भांडी वाजत होती, कुठे पोर रडत होतं आणि एक बाई हळदीचा धवला गात होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाते तो. हरेशच्या घरच्या लग्नांत धवले नसत, त्यामुळे निम्मे शब्द त्याला कळेनात. पण आवाज जाड, सरळ, कुणाला दाखवायला न गाणारा. मध्येच ती बाई थांबायची, ‘नमे, तांदूळ आन गो,’ म्हणायची आणि श्वासही न घेता पुढची ओळ उचलायची.

प्लेअर लॅपटॉपला जोडल्यावर प्रत्येक गाणं किती वेळा वाजलं तेही दिसलं. बाकीची पाच वेळा, दहा वेळा. ट्रॅक सात चारशे अकरा वेळा. आणि शेवटचं वाजलं त्याला तीन वर्षं झाली होती.

चारशे अकरा वेळा! हरेशला वाटलं, कोण असेल ही नमिता? एकच गाणं इतक्यांदा ऐकणारं माणूस काही सुखात नसणार. पुढचा महिनाभर तो ते यंत्र खिशात घालून शिफ्टला गेला. जेवताना ऐकलं, भांडी घासताना ऐकलं. भाजी निवडताना तो मनातल्या मनात तिच्याशी बोलू लागला. आज बॉयलरपाशी काय झालं, वांगी कशी किडकी निघाली, असं काहीबाही. बाराशे गाण्यांची निवड कळली की माणूस कळतं, असं त्याला वाटू लागलं होतं.

शेवटी त्याने महिपतीला विचारलंच. महिपतीने डोकं खाजवलं. "पेणच्या चिंचपाड्यातून आणलेला. पापडवाली बाई हाय. घराला रंग काढला तवा सगळं मोडकं दिलंन."

गुरुवारी हरेशने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पेणला जायला दिव्याकडे जाणारी सकाळची रेल्वेगाडी पकडली. वस्तू तिची आहे, चालू झाली आहे, देऊन यायची, असं तो स्वतःला सांगत होता. दुसरं काही हवं होतं का, ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

चिंचपाड्यात पापडवाल्या नमिताचं घर कुणीही दाखवलं असतं. अंगणात खाटांवर पोह्याचे पापड वाळत होते. चाळिशीची एक बाई डोक्यावर पदर घेऊन ते उलटत होती. हरेशने आपलं नाव-गाव सांगितलं आणि खिशातून प्लेअर काढला.

तिने तो हातात घेतला नाही. झाकणावरची अक्षरं लांबूनच वाचली.

"ह्यो मी भंगारात दिलेला."

"हो ताई. मी दुरुस्त केला. बॅटरी गेलेली. तुमची गाणी आहेत सगळी."

"माजी नायत. त्या नावापायीच दिला मी तो. भाऊ हाय माजा. चार वर्षं बोलणं नाय आमचं." ती पुन्हा पापडांकडे वळली. मग हा माणूस रोह्याहून आलाय हे आठवून म्हणाली, "बसा. पाणी आणते."

पाणी देताना तिने सांगितलं, आणि परक्याला सांगायला सोपं जातं तसं सगळंच सांगितलं. आई गेली तेव्हा रितेशच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेराव्यापर्यंत तो पाहुण्यांची जेवणं, मांडव, भटजी हेच बघत राहिला. ती चार माणसांत त्याला म्हणाली, आई मेली का मांजर मेली रे तुझी?  जाताना रितेश एवढंच म्हणाला, तो प्लेअर मला दे थोडे दिवस. तिने रागाने तो त्याच्याकडे फेकला. वर्षाने त्याने मावशीच्या हाती परत पाठवला. तिने तो न लावताच कपाटात टाकला.

"म्हणजे तुम्ही ऐकलाच नाही? आल्यापासून?"

"नाय."

 महिनाभर हरेश मनात जिच्याशी बोलत होता ती बाई समोर उभी होती, आणि ते गाणं ऐकणारी ती नव्हतीच. मग त्याने ट्रॅक सात लावला, हेडफोन तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "हे एक ऐका. एवढंच."

तिने पदर सारून हेडफोन कानाला लावला. आधी चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग ती मटकन खाटेच्या कडेला बसली, पापड हाताखाली चुरले तरी तिला कळलं नाही.

"आय माजी," ती म्हणाली. "धाकट्या मावशीच्या पोरीची हळद. मलाच तांदूळ आनायला सांगते." आणि मग: "ह्यो रितेशनी रेकॉर्ड केलान कवा? बोलला पन नाय."

"ताई, हे चारशे अकरा वेळा वाजलंय. रितेशकडे होता त्या वर्षात. बाकी कुठलंच गाणं एवढं नाही वाजलं."

"चारशे?"

"चारशे अकरा."

ती रडली ते आवाज न करता, आणि बराच वेळ. हरेशने पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला आणि पापडांवर बसू पाहणारा कावळा हाकलला. 

तो निघताना तिने पापडांचा पुडा त्याच्या हातात कोंबला आणि त्याचा नंबर लिहून घेतला. प्लेअर तिच्या दुसऱ्या मुठीत होता. तो परत मिळणार नव्हता, आणि मिळावा असं म्हणण्यासारखं काही नव्हतंही. गाडी नागोठण्याला आली तेव्हा त्याला आठवलं, लॅपटॉपवर गाणी उतरवून घेता आली असती. परक्याची वस्तू म्हणून त्याने घेतली नव्हती. त्याने तो धवला मनात जुळवून बघितला. चाल येत होती, शब्द येत नव्हते.

वरशाच्या घरी आल्यावर त्याने टेबलावरचा टॉवेल झटकून त्याची घडी घातली. पुढच्या गुरुवारी तो महिपतीकडे गेला नाही.

तीन आठवड्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याच्या फोनवर मेसेज आला: ‘रितेश येऊन गेला. दोन दिवस राहिला. नमिता.’

हरेशने डबा बाजूला ठेवून उत्तर लिहायला घेतलं. फार बरं वाटलं, लिहिलं. मला तो आवाज अजून आठवतो, लिहिलं. जमलं तर तो ट्रॅक मला पाठवाल का, मी एकटाच असतो, असंही लिहिलं. मग सगळं पहिल्यापासून वाचलं आणि एकेक शब्द मागे घेत पुसून टाकलं. ‘बरं झालं ताई’ एवढंच पाठवलं.

दोन निळ्या खुणा उमटल्या. तिकडून हात जोडल्याचं एक चित्र आलं. भोंगा झाला तसा तो उठला, डबा धुतला आणि प्लँटकडे चालू लागला.